दत्तक बाळ आणि घरपाहणीच्या बाई

कपाशीवरची बोंडअळी, तुरीवरचा मर, माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा, असल्या विषयांवर तुमच्याशी बोलणारा मी विस्तार अधिकारी. आज पाळण्याच्या विषयावर बोलणार म्हटल्यावर काही मंडळी हसतील. हसू द्या. आमच्याच घरातल्या एका दत्तक प्रकरणात मी पहिल्यापासून शेवटपर्यंत होतो. त्यात जे पाहिले ते तुमच्यापैकी काही घरांच्या उपयोगी पडेल, म्हणून लिहितो. नावे-गावे लिहीत नाही. त्यांची गरजही नाही.

माझा एक मावसभाऊ आहे. वयाने माझ्यापेक्षा बराच लहान. साडेसहा एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि सोयाबीन, बांधाला थोडी तूर. लग्न २००८ सालचे. मूल नाही. दवाखाने झाले, नवस झाले, एक बैलजोडी इलाजात गेली. शेवटी २०१९ च्या जून महिन्यात नवरा-बायको दोघे जिल्ह्याच्या गावी गेले आणि मुलांच्या कामाच्या सरकारी कार्यालयात जाऊन म्हणाले, आम्हाला बाळ दत्तक पाहिजे.

संध्याकाळी परत येताना ती दोघे माझ्या ओसरीवर थांबली. भावजयीने पाण्याचा तांब्या हातातच धरून ठेवला होता. म्हणाली, "दादा, आम्ही लेकरू मागायला गेलो होतो का चोरायला, तेच कळंना."

झाले असे होते की तिथल्या बाबूने मान वर न करता सांगितले, "इथे बाळं मिळत नाहीत. ऑनलाइन नोंदणी करा." बसा म्हणाला नाही. भावाने विचारले, ऑनलाइन म्हणजे कुठे? तर म्हणाला, "सगळे लोक करतात, तुम्हालाच कसं जमत नाही?"

मला राग आला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले की त्याच आठवड्यात ठिबकाच्या अनुदानाला आलेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मीही हेच सांगितले होते: "ऑनलाइन करा." टेबलाच्या अलीकडे बसले की माणसाच्या तोंडी तेच वाक्य येते. असो.

तर पहिली गोष्ट ही की पहिल्या कार्यालयात मिळालेले पहिले उत्तर म्हणजे नकार नव्हे. तो बाबू बोलला रूक्षपणे, पण बोलला ते खरे होते. अनाथ, सोडून दिलेले किंवा आईबापांनी रीतसर संस्थेच्या स्वाधीन केलेले मूल आज कोणतेही कार्यालय आपल्या मर्जीने कोणाला देऊ शकत नाही. १९९० साली केंद्र सरकारने त्यासाठी एक मध्यवर्ती संस्था स्थापन केली. तिला सगळे 'कारा' म्हणतात. देशभरातल्या इच्छुक आईबापांची एकच यादी तिच्याकडे संगणकावर असते आणि नंबर लागतो तो नोंदणीच्या क्रमाने. तुमच्या जिल्ह्यातला जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि सरकारमान्य विशेष दत्तक संस्था ही दोन ठिकाणे त्या यादीची गावाकडची दारे समजा. नोंदणी मोबाइलवरून होते, तालुक्याच्या सेवा केंद्रातून होते, आणि ज्याला जमत नाही त्याला मदत करणे हे त्या कक्षाचे कामच आहे. बाबूने ते सांगितले नाही. म्हणून मी सांगतो.

कागदांचे थोडक्यात आटोपतो. दोघांचे आधार, पॅन, जन्मतारखेचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, डॉक्टरांचे आरोग्य प्रमाणपत्र, ओळखीच्या दोन माणसांची पत्रे, फोटो. हे सगळे जमते. खेड्यात अडते ते विवाह नोंदणीपाशी. आपल्याकडे लग्नाला हजार माणूस जेवते, पण ग्रामपंचायतीच्या वहीत सही करायला कोणी जात नाही. ती नोंद उशिराही होते. ग्रामसेवकाकडे, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांच्याकडे, जाऊन ती आधी करून घ्या. भावाचा महिना त्यातच गेला.

वयाचेही पाहून घ्या. लग्नाला किमान दोन वर्षे झालेली हवीत. दोन वर्षांच्या आतले बाळ हवे असेल तर नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते. मूल जितके मोठे, तितकी ही बेरीज सैल होते. आठ वर्षांवरच्या मुलासाठी ती ११० पर्यंत चालते. एकटी बाई मुलगा किंवा मुलगी कोणालाही घेऊ शकते, एकट्या पुरुषाला मुलगी देत नाहीत. घरात आधीच दोन मुले असतील तर धडधाकट तान्हे बाळ मिळणार नाही. आजारी, अपंग किंवा मोठ्या वयामुळे मागे राहिलेल्या मुलाचा विचार होऊ शकतो.

आता घरपाहणी. कागदावर तिला गृह अध्ययन अहवाल म्हणतात. कागदपत्रे दिल्यावर साधारण दोन महिन्यांच्या आत संस्थेचा किंवा कक्षाचा समाजसेवक घरी येतो, सगळ्यांशी बोलतो आणि अहवाल लिहितो. तो तीन वर्षे चालतो. गावाकडच्या माणसाला खचवणारी पायरी हीच. मुलगी बघायला पाहुणे येतात तशी आपण तयारी करतो, आणि येणारी बाई विचारते भलतेच.

भावाकडे आलेली बाई तिशीच्या आतली होती. एसटीने फाट्यावर उतरून भर ऑगस्टच्या चिखलात दोन किलोमीटर चालत आली. मावशीने घर सारवून घेतले होते, नवीन चादर अंथरली होती. मीही मुद्दाम हजर होतो. मनात म्हणत होतो, एक बी.एस्सी. झालेला माणूस घरात दिसला तर वजन पडेल.

तिने माझ्याकडे फारसे लक्ष दिले नाही. ती भावाला एका बाजूला घेऊन बोलली, भावजयीला दुसऱ्या बाजूला, मावशीला तिसऱ्या. भांडण झाले की घरात काय होते? दारू कोण पितो? मूल होत नाही यावरून सासू काय बोलते? कर्ज किती आहे? सोसायटीचे किती, सावकाराचे किती? यंदा पीक गेले तर काय खाल?

भाऊ कर्जाच्या प्रश्नावर गप्प बसला. त्याला वाटले, खरे सांगितले तर पाळणा गेला. मी खुणेने सांगितले, बोल. त्याने सोसायटीचे पीककर्ज सांगितले, बहिणीच्या लग्नाचे राहिलेले सांगितले. बाईने लिहून घेतले आणि विचारले, "मग पैसा कमी पडतो तेव्हा घरात आधी काय बंद होतं?" भावजय आतून म्हणाली, "चहातलं दूध." बाई पहिल्यांदा हसली. मागाहून तिने सांगितले की शेतकऱ्याला कर्ज असते हे तिला ठाऊक आहे. ते लपवले की तिची पंचाईत होते, कारण मग बाकीच्या उत्तरांवर विश्वास कसा ठेवायचा? आपण सरकारी माणसापुढे उत्पन्न कमी आणि अडचण जास्त सांगायला शिकलेलो आहोत, नाहीतर उलट मोठेपणा सांगतो. इथे दोन्हीही सांगू नका. जे आहे ते सांगा.

मावशीने तिचा प्रश्न विचारलाच: "बाई, लेकरू कोणत्या जातीचं देणार?"

घरात शांतता झाली. माझी मान खाली गेली. ती बाई मात्र चिडली नाही. म्हणाली, "आजी, जात बघून आम्ही लेकरू देत नाही. जे येईल ते तुमचं. त्याला तुमच्या ताटात जेवू घालाल का, एवढं मला लिहायचंय." मावशी थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "ताट वेगळं कसं करतील? घरात ताटं तेवढीच हायत." हे उत्तर बाईने जसेच्या तसे लिहून घेतले.

आणि मग ती उठून घर बघायला लागली. मोरी पाहिली, संडास पाहिला, चूल आणि गॅस पाहिला. परसातली विहीर पाहिली. तिला कठडा नव्हता. "मूल चालायला लागलं की?" एवढेच विचारले. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिने वर पाहिले आणि फळीकडे बोट दाखवले. "ते काय आहे?"

तिथे शेंगदाण्याच्या डब्याशेजारी मोनोक्रोटोफॉसची अर्धी बाटली होती. लाल त्रिकोणाची. बाजूला दोन रिकाम्या बाटल्या, एकीत रॉकेल भरलेले.

मंडळी, ती बाटली माझ्या गावातली, माझ्या भावाच्या घरातली, आणि तो लाल त्रिकोण म्हणजे काय हे सांगत मी पंचवीस वर्षे चावड्यांवर भाषणे दिलेली. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, त्यानंतर तर गावोगाव फिरून सांगितले. त्या स्वयंपाकघरात मी किती वेळा जेवलो असेन! मान वर करून फळी कधी पाहिली नाही. मी पीक बघत होतो, ती बाई मूल बघत होती.

मला तिथे त्या सगळ्या प्रश्नांचा अर्थ कळला. आपण समजतो की बाळ मागायला गेलो आहोत, तर संस्थेने आपले दुःख ओळखावे. संस्थेपुढे मात्र आपल्याआधी दुसरे कोणीतरी अर्जदार म्हणून उभे असते. त्याला बोलता येत नाही, सही करता येत नाही, आणि एकदा घरच्यांनी सोडलेले असते. त्याच्या वतीने ती बाई विहिरीचा कठडा विचारते. सोयरिकीत मुलीचा बाप जसा चौकशी करतो तशीच ही चौकशी आहे. त्यात अपमान मानला तर आपल्याच मुलीच्या वेळी आपण काय काय विचारले ते आठवावे.

निघताना मावशीने पायलीभर शेंगा पिशवीत बांधून दिल्या. बाईने घेतल्या नाहीत. म्हणाली, "आजी, चहा घेतला तेवढा पुरे. यापुढे कुणीही पैसे मागितले, काही मागितलं, तर द्यायचं नाही. जी फी आहे ती ठरलेली आहे आणि तिची पावती मिळते."

यानंतर सुरू होतो तो खरा कठीण काळ, म्हणजे वाट पाहण्याचा. गेल्या काही वर्षांत देशभर तीस हजारांहून जास्त घरे यादीत आहेत, आणि दत्तक द्यायला कायद्याने मोकळी झालेली मुले दोन-अडीच हजारांच्या आसपास असतात. त्यातलीही बरीच मोठ्या वयाची किंवा आजारी. म्हणून धडधाकट तान्ह्या बाळासाठी तीन-साडेतीन वर्षे लागतात. लोक म्हणतात, अनाथाश्रम भरलेले आहेत आणि सरकार मुले अडवून ठेवते. आश्रमातल्या पुष्कळ मुलांना आई किंवा बाप असतो, नाइलाजाने ठेवलेले असते. ती मुले दत्तक देता येत नाहीत. एखाद्या आईने बाळ स्वाधीन केले तरी तिला फेरविचाराला ६० दिवस असतात. तेवढ्यात ती परत आली तर बाळ तिचे. सापडलेल्या बाळाच्या घरच्यांचा शोध घेतला जातो. दोन वर्षांच्या आतले असेल तर दोन महिने, मोठे असेल तर चार महिने, आणि मगच बाल कल्याण समिती त्याला मोकळे ठरवते. हा वेळ त्या आईसाठी ठेवलेला आहे, हे वाट पाहणाऱ्या बाईला सांगणे कठीण जाते. भावजयीला मी सांगितले तेव्हा ती म्हणाली, "येऊ दे तिला परत. तिचं असलं तर तिलाच मिळू दे." आणि उठून गेली.

पण संस्थांची इथे चूक आहे, तीही सांगतो. या साडेतीन वर्षांत भावाला स्वतःहून एकही फोन आला नाही. नंबर कुठवर आला ते संगणकावर दिसते म्हणतात, पण गावात रेंज नसेल तर ते दिसून काय उपयोग? मध्ये टाळेबंदी आली. दोघांना वाटले, कागद हरवले. २०२२ साली घरपाहणीची तीन वर्षे संपली आणि ती नव्याने करायची आहे हे कळले तेसुद्धा मी फोन करून विचारले म्हणून. सहा महिन्यांतून एक फोन, मराठीत छापलेला एक साधा कागद आणि आलेल्या माणसाला खुर्ची, एवढ्याने कितीतरी घरे टिकून राहतील. शहरातली जोडपी इंग्रजीत पत्रे लिहून विचारत राहतात. आपला माणूस एकदा झिडकारला की परत जात नाही. असे नाव मागे घेतलेले एक घर मला माहीत आहे.

आणि नेमक्या याच काळात दलाल येतो. तालुक्यातल्या कुणाच्या तरी ओळखीची नर्स असते, "गरीब पोरीचं बाळ आहे, दवाखान्यातच तुमच्या नावावर लावून देतो" म्हणते. भावाकडेही असा निरोप आला होता. बाळाची किंमत बैलजोडीपेक्षा थोडी जास्त सांगितली होती. कायदा स्पष्ट आहे: रीत सोडून मूल घेतले-दिले तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, विकत घेतले-विकले तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि वर दंड. पण शिक्षेपेक्षा वाईट हे की असे मूल चार वर्षांचे झाल्यावर कुणी तक्रार केली तर पोलीस ते उचलून नेतात, आणि ते मूल त्या घरालाच आई-बाप म्हणत असते. उसात, देवळाच्या पायरीवर बाळ सापडले तर तेही घरात ठेवून घ्यायचे नसते. २४ तासांच्या आत पोलिसांना किंवा १०९८ या क्रमांकावर कळवायचे. हा फोन फुकट आहे.

घरातल्या घरात दत्तक घेणे ही गोष्ट वेगळी. भावाचा मुलगा भावाने घेतला, तर हिंदूंसाठी १९५६ चा कायदा आहे. मूल पंधरा वर्षांच्या आतले हवे, मुलगा असताना मुलगा घेता येत नाही, आणि दत्तकपत्र नोंदवून घ्यावे. त्यात कारा येत नाही. आपल्याकडे दत्तक म्हटले की हेच डोळ्यांपुढे येते. मालेगाव तालुक्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातला मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीला दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो. तिथे गादीला वारस पाहिजे होता. परक्या बाळाला घर देण्याचा कायदा त्याहून वेगळा आहे आणि तो सगळ्या धर्मांच्या माणसांना खुला आहे.

डिसेंबर २०२२. कापसाची वेचणी चालू होती. भावाच्या मोबाइलवर संदेश आला तेव्हा मोबाइल घरी चार्जिंगला आणि माणसे रानात. एका मुलीचा फोटो आणि अहवाल पाहून तिला राखून ठेवायचे की नाही, हे ४८ तासांत कळवायचे असते. अशा संधी तीनच मिळतात. भावाने रात्री मोबाइल उघडला, इंग्रजी मजकूर बघून त्याला वाटले बँकेचा असेल. दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेतल्या पुतण्याने वाचून दाखवला. मग जी पळापळ झाली ती विचारू नका. तालुक्याच्या गावी जाऊन, सेवा केंद्र उघडायला लावून, रात्री आठ वाजता होकार गेला. तुम्ही नाव नोंदवले असेल तर मोबाइल नंबर बदलू नका, बदलला तर त्याच दिवशी कळवा, आणि घरातल्या शिकत्या पोराला हे काम नेमून द्या.

होकारानंतर संस्थेत जाऊन मूल पाहायला ३० दिवस असतात. तेरा महिन्यांची पोर. आम्ही चौघे गेलो होतो. भावजयीने हात पुढे केले आणि पोर तोंड फिरवून आयाच्या पदरात शिरली. दोनदा, तीनदा तेच. भावजय बाहेर व्हरांड्यात येऊन बसली. तिथल्या बाई तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "ती आयाला सोडत नाही, हे चांगलं लक्षण आहे. जिला कुणाची माया लागते तिला तुमचीही लागेल. घाई करू नका. उद्या परत या." सगळ्या कामात मला भेटलेला हा सर्वांत शहाणा माणूस. दुसऱ्या दिवशी पोरीने भावाच्या शर्टाच्या खिशातला पेन ओढून घेतला आणि परत द्यायला तयार होईना.

कागदांवर सह्या झाल्यावर मूल आधी सांभाळायला म्हणून घरी देतात. पक्का आदेश मागाहून येतो. पूर्वी तो न्यायालयाकडून यायचा. १ सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात आणि त्याला दोन महिन्यांची मुदत आहे. आदेश झाला की मूल सगळ्या अर्थांनी तुमचे. जन्माच्या दाखल्यावर आईबाप म्हणून तुमचेच नाव लागते, वारसाहक्क पोटच्या मुलाइतकाच.

तरी भाऊबंद बोलतातच. भावाचा चुलता पारावर म्हणाला, "सरकारी पोरीला सातबारा कसा मिळंल?" तर सांगून ठेवतो: बाप हयात असताना पोटच्या पोराचेही नाव सातबाऱ्यावर आपोआप लागत नाही, ते वारस नोंदीच्या वेळी लागते. त्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश पुरेसा आहे. त्याच्या दोन प्रमाणित प्रती जमिनीच्या कागदांबरोबर ठेवा. आणि चुलत्याच्या जातीची माणसे काही आजची नाहीत. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि पुढे तिथे आलेल्या एका विधवेचा मुलगा दत्तक घेतला. तो यशवंत. १८८७ सालच्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्याला वारस म्हणून लिहिले. तरी १८९० साली जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलाने टिटवे धरण्याला भाऊबंदांनी हरकत घेतली. मग सावित्रीबाई स्वतः टिटवे धरून पुढे चालल्या.

मूल सांभाळायला घरी दिल्यापासून दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी संस्थेचे माणूस मूल कसे आहे ते बघायला येते. गावात कुजबुज होते की पोरगी अजून पक्की झाली नाही, परत नेणार. तसे काही नसते. भावाकडे तीच तिशीची बाई यायची. एका भेटीत तिने मुलीचे वजन कमी भरले म्हणून अंगणवाडीताईंना बोलावून घेतले. विहिरीला तोवर कठडा झाला होता, आणि फवारणीची औषधे गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या पेटीत कुलपात गेली होती. त्या पेटीचे माप मी काढून दिले. आता मेळाव्यात ते माप मी सगळ्यांनाच देतो.

ज्यांचे वय पुढे गेले आहे किंवा घरात मुले आहेत, त्यांनी एक गोष्ट विचारात घ्यावी. संस्थांमध्ये सहा वर्षांवरची अशी पुष्कळ मुले आहेत की ज्यांना भेटायला कोणी येत नाही. ती संगोपनासाठी घरात देतात. २०२४ सालच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनुसार एकट्या माणसालाही असे मूल सांभाळता येते, आणि ते मूल कायद्याने मोकळे असेल तर दोन वर्षे सांभाळल्यावर त्याच घराला दत्तक मागता येते. संगोपनात मूल तुमच्या नावावर होत नाही. उद्या त्याची आई सावरली तर ते तिच्याकडे जाऊ शकते. हे मनाला आधी पटवून मगच अर्ज करावा.

तुमच्या गल्लीत कुणी बहिणीची पोरे वाढवत असेल, कुणा बाईचा नवरा गेला असेल आणि मुले आजीकडे असतील, तर त्यांच्यासाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. तिला आता सावित्रीबाईंचे नाव आहे आणि २०२३ साली मुलामागे महिन्याला २,२५० रुपये ठरले. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे द्यायचा. मुलाचा शाळेचा दाखला, पालकाच्या मृत्यूचा दाखला आणि बँकेचे पासबुक बरोबर न्या. बाबूने मान वर केली नाही तर उभे राहून पुन्हा विचारा, आणि अर्जाची पोहोच घेतल्याशिवाय निघू नका.